दवाखान्यात येणारे मन : मानसशास्त्राच्या सहा दृष्टी आणि आपला सत्त्वावजय

बाजाराच्या दिवशी पांढरकवड्यातील कोणत्याही वैद्याच्या दवाखान्यात सकाळपासून गर्दी असते. पाटणबोरी, करंजी, रुंझा या बाजूंनी आलेली मंडळी बाजारहाट उरकता उरकता प्रकृतीही दाखवून जातात. अशा गर्दीतील एक रुग्ण आपण कल्पनेने समोर बसवू या. वय चाळिशीच्या पुढे, चार-पाच एकर कोरडवाहू शेती, कपाशी आणि तूर हे पीक. तक्रार विचारली तर तो सांगतो, "रातच्याले डोयाले डोया लागत नाही जी, डॉक्टरसाहेब. छातीत धडधडते. जेवणावरून मनच उडालं." रुग्ण काल्पनिक असला, तरी आपणांपैकी प्रत्येकाने त्याला पाहिलेले आहे.

आपण त्याची नाडी पाहतो, जिव्हा पाहतो, कोष्ठाची विचारपूस करतो. वातपित्ताचा प्रकोप दिसतो. ब्राह्मी, जटामांसी, अश्वगंधा, सारस्वतारिष्ट यांपैकी काही योजतो, पथ्य सांगतो आणि पुढच्या रुग्णाकडे वळतो. यात शास्त्राला सोडून काही झाले, असे म्हणता येणार नाही. तथापि ज्या जिल्ह्याचे नाव गेली दोन दशके शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात देशभर घेतले जाते, त्या जिल्ह्यात झोप न लागणाऱ्या माणसाला केवळ झोपेचे औषध देऊन परत पाठवणे पुरेसे आहे काय, हा प्रश्न प्रस्तुत लेखाच्या मुळाशी आहे.

मनुष्य जसा विचार करतो व जसा वागतो तसा का, याची उत्तरे आधुनिक मानसशास्त्राने निरनिराळ्या दिशांनी शोधली. १८७९ साली जर्मनीतील लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून हे शास्त्र स्वतंत्र मानले जाते. त्यानंतर त्यात अनेक पंथ निर्माण झाले व प्रत्येकाने आपलीच दृष्टी खरी असा आग्रह काही काळ धरला. आपण वैद्यांनी त्या वादात पडण्याचे कारण नाही. आपल्यापुरता त्यांचा उपयोग असा की, प्रत्येक दृष्टी रुग्णाला विचारण्याचा एक नवा प्रश्न आपल्या हाती देते. त्या क्रमानेच आपण समोर बसलेल्या या माणसाकडे पाहू.

जैविक दृष्टी

या मतानुसार विचार, भावना व वर्तन यांचे मूळ मेंदू, चेतासंस्था, अंतःस्राव व अनुवंश यांत आहे. या दृष्टीच्या इतिहासात आपल्या एका वनस्पतीला मानाचे स्थान आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली सर्पगंधेच्या उन्माद व रक्तदाब यांवरील उपयोगाविषयी लेख प्रसिद्ध केला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील आपले अनुभव एका ब्रिटिश नियतकालिकात मांडले आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. हे द्रव्य मेंदूतील सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनालिन आदी चेतापारेषकांचे साठे रिते करते आणि ते घेणारे काही रुग्ण खिन्न होतात, असे पुढे दिसून आले. खिन्नतेचा संबंध या पारेषकांशी असावा, ही कल्पना ज्या निरीक्षणांतून उभी राहिली त्यांपैकी हे एक होय.

रेसर्पिन व खिन्नता यांच्या संबंधावर नंतर पुष्कळ वाद झाला, आणि पारेषकांच्या कमतरतेने खिन्नता येते हे सूत्रही आज अपुरे मानले जाते. तरीही आपल्यापुरता बोध स्पष्ट आहे. झोप येत नाही म्हणून सर्पगंधेची वटी मागायला आलेला माणूस मनाने खचलेला असेल, तर ती त्याच्या हाती देण्यापूर्वी वैद्याने थांबावे आणि औषधी विक्रेत्यानेही थांबावे.

दुसरी गोष्ट फवारणीची. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशके चेतासंस्थेतील अॅसिटिलकोलिनेस्टरेज या विकराचे कार्य रोखतात. डोकेदुखी, अस्वस्थता, घाम, मळमळ, लाळ सुटणे, धूसर दिसणे, झोप बिघडणे ही लक्षणे त्यातून उद्भवतात. तेव्हा श्रावण ते आश्विन या काळात आलेल्या रुग्णाला "फवारणी केली होती काय, केव्हा केली, अंगावर काय घातले होते" हे विचारल्यावाचून त्याच्या तक्रारीला मानसिक म्हणू नये. विषबाधेची शंका आल्यास चूर्ण-काढ्यात वेळ न दवडता रुग्णालयाची वाट दाखवावी. पांडुरोग आणि अवटुग्रंथीचे विकार हेही मनाच्या विकाराचे रूप घेऊन येतात, हे ध्यानात असावे.

मनोविश्लेषण

व्हिएन्नाचे सिग्मंड फ्रॉइड यांनी मनाचा मोठा भाग आपल्या जाणिवेच्या पलीकडे असतो, असे प्रतिपादन केले. असह्य वाटणारी भावना माणूस नकळत दाबतो व ती अन्य रूपाने प्रकट होते. सावकारावरचा राग बैलावर किंवा मुलावर निघतो; जे दुःख तोंडाने बोलता येत नाही ते छातीतील धडधडीच्या रूपाने बोलते. आपल्या देशात हा विचार गिरींद्रशेखर बोस यांनी रुजवला व १९२२ साली कलकत्त्यात त्याची संस्था स्थापन केली. फ्रॉइड यांच्या अनेक सिद्धान्तांना आज पुराव्याचा आधार उरलेला नाही. परंतु रुग्ण जे सांगतो त्याच्या आड न सांगितलेले काही असते, ही दृष्टी टिकून आहे.

येथे चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायाचे स्मरण होते. शोक, भय, क्रोध, लोभ यांचे वेग आवरावेत असे चरकाचार्य सांगतात. पण त्याच अध्यायात बाष्पाचा, म्हणजे अश्रूंचा वेग मात्र अधारणीय वेगांत गणलेला आहे. अश्रू रोखल्याने होणाऱ्या विकारांत हृद्रोग, अरुची व भ्रम यांचा उल्लेख आहे. भावनेच्या आहारी जाऊ नये, पण अश्रूही दाबू नयेत, हा विवेक अत्यंत सूक्ष्म आहे. आपल्याकडे कर्त्या पुरुषाने रडणे कमीपणाचे मानतात. ज्याच्या छातीत धडधडते आणि ज्याचे अन्नावरून मन उडाले आहे, त्याने शेवटचे कोणाजवळ मन मोकळे केले होते, हा प्रश्न म्हणूनच आपल्या निदानाचा भाग ठरतो.

वर्तनवाद

मनात काय चालले आहे ते दिसत नाही, वर्तन मात्र दिसते व मोजता येते. म्हणून अभ्यास वर्तनाचाच करावा, असे अमेरिकेतील जॉन वॉटसन यांनी १९१३ साली मांडले. रशियातील पावलोव्ह यांचे कुत्र्यांवरील प्रयोग सर्वज्ञात आहेत. अन्नासोबत वारंवार येणाऱ्या खुणेने, अन्न नसतानाही, कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटू लागले. यास अभिसंधान म्हणतात. पुढे स्किनर यांनी दाखवले की, ज्या कृतीचे फळ सुखद असते किंवा जिने त्रास टळतो, ती कृती पुनःपुन्हा घडते.

यासाठी परदेशातील उदाहरण शोधण्याची गरज नाही. २०१६ ते २०१८ या काळात पांढरकवडा-राळेगाव परिसरात तेरा जणांच्या मृत्यूचा संबंध टी-१, म्हणजे 'अवनी' वाघिणीशी जोडला गेला. २ नोव्हेंबर २०१८ रोजी ती ठार झाली. पण ज्या धुऱ्यावर, ज्या झुडपापाशी भीती बसली ती जागा पाहताच छाती धडधडणे, पाय मागे येणे हे वाघीण गेल्याने आपोआप थांबते असे नाही. भीतीची वस्तू नाहीशी झाली तरी तिची खूण उरते. शेतात जाणे टाळले की तात्पुरते बरे वाटते आणि त्या बऱ्या वाटण्यामुळेच टाळणे पक्के होते. मद्याचेही हेच. घोटभर घेतली की कर्जाची चिंता तासभर विसरते, म्हणून हात दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकडेच वळतो. खिन्न माणूस गावात बसणे, भजनाला जाणे, भावाकडे जाणे सोडतो. त्यामुळे जे थोडे सुख मिळत होते तेही आटते व खिन्नता वाढते.

उपचारही त्यातच आहे. सुटलेली कामे लहान लहान मापाने पुन्हा सुरू करावयाची. अहितकर सवय एकदम न तोडता पादांशक्रमाने सोडावी, असा उपदेश आपल्या संहितांत आहे. दिनचर्येची योजना हीही वर्तनाचीच चिकित्सा होय. मात्र रोज भरपूर मद्य घेणाऱ्याने ते अचानक बंद केल्यास झटके व भ्रम होऊन प्राणावर बेतू शकते. अशा रुग्णास तज्ज्ञांकडेच पाठवावे. पुण्याच्या 'मुक्तांगण'ने १९८६ पासून महाराष्ट्राला दाखवलेला मार्ग आपल्यासमोर आहेच.

बोधनिक दृष्टी

माणूस प्रसंगाने जितका खचतो त्याहून अधिक त्या प्रसंगाचा जो अर्थ लावतो त्याने खचतो, असे या दृष्टीचे म्हणणे आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास व एरन बेक यांनी १९६० च्या दशकात त्यावर उपचारपद्धती उभ्या केल्या. एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठी समाजात रुजवण्याचे कार्य मुंबईचे कि. मो. फडके यांनी केले. ठाण्याला १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेनेही हा विचार सामान्य माणसाच्या भाषेत आणला.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भात कपाशीची बोंडे पोखरली. 'यंदाचे पीक गेले' हे वास्तव होय. 'मी नालायक आहे, माझ्यामुळे घर बुडाले, आता कधीच काही सुधारणार नाही' हा त्या वास्तवाचा लावलेला अर्थ होय. वास्तव तितकेच कठीण ठेवून अर्थ तपासणे शक्य असते. धी, धृती व स्मृती यांचा भ्रंश झाला की प्रज्ञापराध घडतो, ही आपली मांडणी या विचाराच्या पुष्कळ जवळ जाते. अनित्याला नित्य व अहिताला हित समजणे हे धीविभ्रंशाचे लक्षण सांगितले आहे. 'हे दुःख कायमचे आहे' असे खिन्न माणसाला वाटते, तेव्हा त्याची धी त्याला फसवीत असते.

तथापि येथे सावध राहावयास हवे. तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादकांची कापणीपूर्वी, म्हणजे हातात पैसा नसताना, व कापणीनंतर बौद्धिक चाचणी घेण्यात आली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तेच शेतकरी कापणीपूर्वी कमी गुण मिळवताना आढळले. विवंचना बुद्धीची जागा व्यापते. म्हणून 'सकारात्मक विचार करा' असा कोरडा उपदेश कर्जाच्या ओझ्याखालील माणसाला लागू पडत नाही; उलट आपल्याला विचारही नीट करता येत नाही, असे त्याला वाटू लागते.

मार्टिन सेलिगमन व त्यांचे सहकारी यांनी १९६७ साली कुत्र्यांवरील प्रयोगांतून असे मांडले की, सुटकेचा मार्ग नसलेल्या यातना पुनःपुन्हा भोगल्यावर प्राणी पुढे मार्ग असतानाही धडपड सोडतो. असहायता शिकला जातो. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ साली, सेलिगमन व मायर यांनी आपलेच मत सुधारले. दीर्घ यातनेत गप्प पडून राहणे ही शिकलेली गोष्ट नसून मेंदूची मूळ प्रतिक्रिया आहे. शिकावे लागते ते 'माझ्या हाती काही आहे' हे. समोरच्या रुग्णाच्या हाती या आठवड्यात एक तरी लहान गोष्ट यावी, मग तो बँकेतील एक अर्ज असो की सकाळी नियमाने शेताला मारलेली फेरी, असा प्रयत्न म्हणूनच औषधाइतका मोलाचा आहे.

मानवतावादी दृष्टी

अब्राहम मास्लो यांनी १९४३ साली मानवी गरजांची उतरंड मांडली. अन्न व सुरक्षितता यांच्या गरजा भागल्याशिवाय माणूस वरच्या गरजांकडे सहसा वळत नाही. कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली असे प्रतिपादन केले की, उपचारकाचा प्रामाणिकपणा, रुग्णाविषयी विनाअट आदर आणि त्याच्या जागी जाऊन समजून घेण्याची वृत्ती यांतूनच बदल घडतो. चरकाचार्यांनी रुग्णाच्या चार गुणांत ज्ञापकत्व, म्हणजे आपली व्यथा सांगता येणे, हा गुण सांगितला आहे. हा गुण रुग्णाचा खरा, पण तो प्रकट व्हावा की न व्हावा हे वैद्यावर अवलंबून असते. दाराशी दहा जण उभे असताना "घरी काय चाललंय" असे विचारले तर "बरं हाय जी" हेच उत्तर येणार. त्याच माणसाला शेवटी बसवून, दार लोटून, मोबाइल बाजूला ठेवून दहा मिनिटे दिली तर उत्तर वेगळे येते. वैद्यवृत्तीत मैत्री व कारुण्य यांना जे स्थान दिले आहे, त्याचा व्यवहारातील अर्थ हाच.

सामाजिक-सांस्कृतिक दृष्टी

फ्रान्सचे एमिल दुर्खीम यांनी १८९७ साली आत्महत्येवरील ग्रंथात दाखवले की, वैयक्तिक वाटणाऱ्या या कृतीचे प्रमाण समाजाच्या घडणीनुसार बदलते. एका घरातील दुःख त्या घरापुरते असू शकेल. पण तालुक्यातील गावोगावी तेच घडू लागले तर कारण केवळ मनात शोधून चालणार नाही. विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात अग्निवेशाचा प्रश्न नेमका हाच आहे : प्रकृती, आहार, बल, वय भिन्न असलेली माणसे एकाच वेळी, एकाच प्रकारे कशी नष्ट होतात? आत्रेयांचे उत्तर वायू, उदक, देश व काल यांच्या बिघाडाकडे आणि त्याच्याही मुळाशी असलेल्या, देश-नगर चालवणाऱ्यांच्या अधर्माकडे बोट दाखवते.

३० जून व १ जुलै २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भाचा दौरा केला आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. पाऊस, सिंचन, भाव, पतपुरवठा हे प्रश्न मनाचे नव्हेत, याची ही एका अर्थाने कबुलीच होती. आपणही शेतकऱ्याच्या संकटाला 'मानसिक आजार' हे नाव देऊन मूळ प्रश्न झाकू नये. परंतु भाव ठरवणे आपल्या हाती नाही म्हणून समोर बसलेल्या माणसाकडेही पाहू नये, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. साथ पाण्यातून आली असली तरी वैद्य अतिसाराच्या रुग्णाला विहीर दुरुस्त होईपर्यंत थांबवून ठेवत नाही.

संस्कृतीचा विचारही यातच येतो. मुलीच्या लग्नासाठी काढलेले कर्ज, चारचौघांत गेलेली पत, घरातील स्त्रीवर पडणारा दुहेरी भार, कोलाम व गोंड वस्त्यांतील वेगळी भाषा आणि वेगळ्या श्रद्धा हे जाणल्याशिवाय रुग्णाचे बोलणे पुरते कळत नाही. भगताकडे जाऊन आलेल्या रुग्णाची टर उडवली, तर तो आपल्याकडे पुन्हा येणार नाही.

एकत्र विचार

१९७७ साली अमेरिकेतील जॉर्ज एंगल या वैद्यकतज्ज्ञाने शरीर, मन व समाज या तिन्हींचा एकत्र विचार केल्याशिवाय रोग समजत नाही, असे मांडले व हळूहळू ते मान्य झाले. आपल्याकडे दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय अशी त्रिविध चिकित्सा सांगितली आहे. अहितकर विषयांपासून मनाला आवरणे हा सत्त्वावजय. ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती व समाधी ही मानस दोषांची औषधे. तत्त्व आपणांस पाठ आहे; पण आपल्या बहुतेकांच्या व्यवहारात युक्तिव्यपाश्रयाचा, म्हणजे द्रव्यचिकित्सेचा, हिस्सा फार मोठा आणि सत्त्वावजयाचा फार अल्प झाला आहे. गेल्या शतकात पाश्चात्त्यांनी मनोपचारांची जी तंत्रे तपासून पाहिली, ती सत्त्वावजयाच्या सूत्राला कृतीचे तपशील पुरवतात. ती त्या भावनेने आत्मसात करण्यात कमीपणा नाही. उलट संहितांत उन्मादाच्या चिकित्सेत भय दाखवणे, धाक घालणे असे जे उपाय येतात, ते आज कोणीही करू नयेत, हेही प्रांजळपणे म्हटले पाहिजे.

दशविध परीक्षेत सत्त्वपरीक्षा आहे. प्रवर, मध्यम की अवर सत्त्व, हे आपण किती रुग्णांच्या कागदावर लिहितो? शोक दैन्यावरून अनुमानाने जाणावा, असे विमानस्थान सांगते. ते दैन्य पाहण्यासाठी मान वर करून रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहावे लागते.

दवाखान्यात व दुकानात करावयाचे

आता त्या पहिल्या रुग्णाकडे परत येऊ. झोप, भूक, धडधड यांची चौकशी झाल्यावर फवारणी व मद्य यांविषयी विचारावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास आहे काय, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतून मन उडाले आहे काय, हे विचारावे. आणि त्यानंतर शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारावे : "कधी जगू नये असं वाटते काय? जीव देण्याचा विचार मनात येते काय?" हा प्रश्न विचारल्याने तसा विचार मनात शिरतो, अशी भीती अनेकांना वाटते. संशोधनात ती खरी ठरलेली नाही. बहुधा रुग्णाला हायसे वाटते, कारण आजवर कोणी विचारलेलेच नसते.

उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे सोडू नये. उपदेश, देवाची शपथ, 'पोराबाळांकडे पाहा' अशी भाषा टाळावी. त्याच्या संमतीने घरातील विश्वासाच्या माणसाला बोलवावे आणि जिल्ह्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील किंवा जवळच्या मनोविकारतज्ज्ञाकडे त्याच दिवशी पाठवण्याची व्यवस्था करावी. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या 'टेलि-मानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक दवाखान्यात व दुकानात ठळक अक्षरांत लावावा. घरातील कीटकनाशके कुलपात किंवा शेजारी-भावाकडे ठेवण्यास कुटुंबाला सांगावे. श्रीलंकेत १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि पुढील दशकात आत्महत्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. तीव्र क्षण अनेकदा थोडा वेळच टिकतो. तेवढ्या वेळात विष हाताशी नसले तर माणूस वाचतो.

पोलिसांच्या भयाने कुटुंबे असे प्रसंग लपवतात. त्यांना सांगावे की, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ राहिलेले नाही. याच २०१७ च्या कायद्याने मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तर वैद्यांना मानसिक आरोग्य व्यावसायिकांत स्थान दिले आहे. हा सन्मान आहे, तशी मर्यादाही आहे. ज्यांनी ते शिक्षण घेतलेले नाही अशा आपण बहुसंख्यांचे काम ओळखणे, ऐकणे, धीर देणे आणि योग्य ठिकाणी पोहोचवणे हे आहे. मनोविकारतज्ज्ञांची औषधे चालू असलेल्या रुग्णाला ती बंद करण्याचा सल्ला आपण कधीही देऊ नये, आणि आपले औषध जोडताना त्या तज्ज्ञांना कळवावे.

औषधी विक्रेत्यांची जबाबदारीही कमी नाही. अनेक रुग्ण वैद्याकडे न जाता थेट काउंटरवर येतात. जो माणूस महिन्यात तिसऱ्यांदा झोपेचे औषध मागतो, त्याला बाटली देताना "झोप कशानं जात नाही जी, भाऊ?" एवढे विचारण्यास क्षणभर पुरतो. त्याच्या उत्तरावरून त्याला वैद्याकडे पाठवावे.

हे सारे साध्य आहे काय, अशी शंका येईल. २०१५ साली राज्याच्या आरोग्य विभागाने 'प्रेरणा' प्रकल्पाद्वारे १४ जिल्ह्यांत शेतकरी समुपदेशनाची सेवा सुरू केली व आशा सेविकांना घरोघरी विचारपूस करण्याचे काम दिले. त्याआधी शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' हा उपक्रम झाला. गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्ते व समुपदेशक यांनी लोकांशी बोलावे, गरजेनुसार पुढे पाठवावे, अशी त्याची रचना होती. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, खिन्नतेने ग्रस्त असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, आणि मागील वर्षभरात आत्महत्येचा विचार आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. त्या कार्यकर्त्यांपाशी नाडीज्ञान नव्हते, पदवी नव्हती. त्यांनी प्रश्न विचारला व उत्तर ऐकून घेतले.

आपल्यापाशी याहून अधिक आहे. गावागावांत आपल्यावर पिढ्यांचा विश्वास आहे आणि 'वेड्यांचा डॉक्टर' या शब्दाला भिणारा माणूस आपल्या पायरीवर निःशंक येतो. म्हणून सर्व वैद्यबंधू-भगिनींना व औषधी विक्रेत्यांना एवढीच विनंती आहे की, येत्या बाजाराच्या दिवसापासून झोप न लागणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर औषधाच्या नावाआधी एक ओळ त्याच्या मनाविषयी लिहावी. ती ओळ लिहिण्यासाठी जे विचारावे लागेल, त्यातच चिकित्सेचा प्रारंभ होईल.